गुडघाभर

वेडमोरच्या पोस्टातून पाकीट परत आलं.
आत माझी लव्हाळ्याची काडी, वाळून कागद झालेली,
आणि सर्वेक्षणवाल्या डेबोराची चिठ्ठी:
नमुना छान, मूळही शाबूत,
फक्त सातव्या रकान्यात
पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये हवी.

मी लिहिलं होतं, गुडघाभर.
खाली तिची पेन्सिल: कुणाच्या?

शब्द माझा नव्हताच.
सहा वर्षं दलदलीत मुकुंद उतरायचा,
मी काठावर, मांडीवर पाटी घेऊन.
तो ओरडायचा: शेवाळ! बोरू!
पाणी गुडघाभर!
आणि मी लिहायचे.

यंदा मी उतरले.
पाणी मांडीला लागलं, थंड,
गमबुटात शिरलं,
तरी हातानं जुनंच लिहिलं.

आज शेडमध्ये गेले. त्याचे बूट
तसेच, गेल्या मार्चचा चिखल
भेगाळून अंगावर.
शिवणाची टेप टाचेपासून वर धरली.
बूट संपला, गुडघा त्याच्याही वर
चार बोटं.
चार की पाच?
डोळे मिटून चार धरली.

त्रेपन्न.

पाकीट पुन्हा चिकटवलं.
खिडकीतल्या मुलीनं विचारलं,
आत काही मौल्यवान?
म्हटलं, गवत आहे.