गुरुवारची ड्यूटी

आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक हात आहे,
रबराचा, कोपरावर संपलेला.
मुली त्याला शेवंताबाई म्हणतात.
त्याच्या शिरांत आम्ही कुंकवाचं पाणी भरतो.
अकरा वर्षं मी त्याच शिरेत सुई घालतेय
आणि ती दर वेळी सापडते.

सप्टेंबरात वृषाली खैरनारने विचारलं,
उद्धटपणे नाही, वहीत तारीख घालायची असावी तसं :
"मॅडम, खऱ्या माणसाला शेवटची कधी लावली?"
मी फळा पुसला.
फळा कोराच होता.

प्राचार्य म्हणाल्या, कशाला बर्डेबाई?
तुमचे तास, तपासणी, पेपरांचे गठ्ठे;
शिवाय तिथे तुमच्याच जुन्या मुली इनचार्ज.
शोभेल का?
मी फक्त गुरुवार मागितला.

डिसेंबर. सकाळी साडेसहा.
द्वारकेवरचा रिक्षावाला मफलरात गडप,
नुसते डोळे विचारतात, कुठे?
सिव्हिल, मी म्हणते. पेशंट कोण आहे?
मीच, म्हणावंसं वाटतं.

पुरुष वॉर्ड, खाट नऊ : एकनाथ दोंदे,
नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
थंडीनं त्यांच्या शिरा आत पळालेल्या.
पहिल्यांदा टोचलं. चुकलं.
दुसऱ्यांदा कातडीखाली निळं तळं साचलं.
शेवंताबाई कधी "आई गं" म्हणत नाही.

मोनिका गांगुर्डे, चौदा सालची बॅच,
माझ्याच हातून प्रात्यक्षिकात काठावर पास झालेली,
गरम पाण्याची पिशवी घेऊन आली,
काही न बोलता त्यांच्या हातावर ठेवली.
हे मीच शिकवलंय दर वर्षी,
"थंड हात, आधी शेक" : दोन मार्कांसाठी.

दोंदे म्हणाले, "बाई, डोळ्यांनी नका शोधू.
आम्ही कागद बोटानं ओळखायचो.
पण लांब रजेवरून आलं ना,
की बोटं पाहुण्यासारखी वागायची.
आठवडाभर कुणाला सांगायचो नाही."

तिसऱ्यांदा मी टोचलं नाही.
मोनिकानं लावली. मी चिकटपट्टी धरली.

सगळ्यांनीच यावं इथे, असं नाही म्हणत मी.
आमच्या धारणकर मॅडम वीस वर्षं वॉर्डात गेल्या नाहीत,
तरी त्यांनी शिकवलेला डोस
मुलींना झोपेतही चुकत नाही.
पण माझा विषय हातांचा आहे
आणि हात पाठ होत नाहीत.

शुक्रवारी वर्गात सांगितलं :
काल दोनदा चुकले.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग थांबलं.
शेवंताबाई टेबलावर पालथी पडलेली,
तळहाताला जुनं कुंकू.
वृषालीनं वही उघडली
आणि तारीख लिहिली.