पाऊण पिशवी

अकरा हजाराच्या लायनीखाली
सोळा वर्षं झाली मला.
खांबावर चढलो की पारवा तळहातावर मावतं:
बाजाराची पालं, डीपीजवळची बाभूळ,
आमच्या माळवदावर कुंदानं वाळत घातलेल्या मुंगवड्या.
तिथं कधी पाय कापला नाही.

जानेवारीत शाळेत रक्तदान होतं.
सहावीच्या वर्गात बाक जोडून केलेले पलंग,
फळ्यावर सतराचा पाढा, सतरा सत्ते एकशे—
पुढचं कोणीतरी पुसलेलं.
मेश्राम सिस्टरनं विचारलं, काही खाल्लं का?
म्हटलं, हो.
चतुर्थी होती. सकाळपासून नुसता चहा.
पण मागं रोशन उभा, त्याच्यामागं सरपंचाचा पोरगा,
आणि उपासाचं नाव सांगून रांगेतून बाजूला होणारा
शालिक भोयर
मलाच पाहवला नसता.

सुई टोचली तेव्हा काहीच नाही.
चेंडू दाबत होतो.
पिशवी मशीनवर डुलत होती
कोणी न हलवता हलणाऱ्या पाळण्यासारखी.
मग पंखा दूर गेला.
पंखा तिथंच होता, आवाज दूर गेला.
ओठावर घाम, जानेवारीत.
आणि फळा मोठा व्हायला लागला,
भिंतीवर, खिडकीवर,
सिस्टरच्या चेहऱ्यावर.

गावाची लाईट गेली की लोक मला फोन लावतात.
माझी गेली तेव्हा
मी कोणाला लावणार होतो?

डोळे उघडले तर माझे पाय वर, रोशनच्या हातात,
टाचांच्या भेगा साऱ्या वर्गाला दिसत होत्या.
"पहा ना बे! लायनमन खांबावर चढते
अन् सुईले भेते!"
सगळे हसले. मीही हसलो, पत्र्याकडं पाहत.
चंद्र निघायला वेळ होता अजून,
माझं मावळून उगवून झालं होतं.

हसण्याचं काही नाही.
नत्थूच्या टपरीवर ते पंधरा दिवस चाललं,
मग कोणाची तरी म्हैस हरवली.
मला खुपते ती पिशवी.
पाऊण भरली होती.
मी विचारलं, चालेल ना?
सिस्टर लेबलवर काहीतरी खोडत म्हणाल्या,
"तुम्ही आधी बिस्किट खा."

माझ्यातून निघालेलं
आणि बहुतेक कोणातच न गेलेलं ते,
कुठं गेलं असेल?
तुटलेल्या तारेतून जमिनीत उतरावं तसं?

कोपराच्या घडीतला डाग
निळा होता, मग पिकल्या बोरासारखा झाला, मग गेला.
पट्टा मात्र अजून दोनदा ओढून पाहतो चढण्याआधी.
वर असताना पंखा दूर गेला तर?
वर पंखा नसतो, हे माहीत आहे.
तरी.

एप्रिलात पुन्हा पाटी लागली फाटकावर.
मला कोणी बोलावलं नव्हतं.
कारणं तयार होती: ऊन, ड्युटी, मेंटेनन्स.
कुंदा म्हणाली, "राहू द्या ना. कोण वाट पाहून राहिलं तुमची?"
आणि आठ वाजता ताट वाढलं,
ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पाण्याचा मोठा गडवा.
"जायचं असन तर हे संपवा.
चतुर्थीचं मी पाहून घेईन."

फॉर्मवर पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं,
दोरी आखूड, वाकावं लागतं.
पूर्वी रक्तदान करताना चक्कर आली होती का?
जानेवारीतही हा प्रश्न असणार. तेव्हा मला लागू नव्हता.
मागं चारजण. कोणीतरी खाकरलं.
होय वर खूण केली,
इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

सिस्टरनं वाचलं, मान वर केली.
"पारव्याचे लायनमन ना तुम्ही?
या. तुम्हाला खिडकीजवळ घेते, पाय उंच ठेवू."
पिशवीचं विचारायचं होतं.
नाही विचारलं.

फळा कोरा होता आज.
सतरा एके सतरा, म्हणालो मी.
"काय?"
काही नाही, म्हटलं.
खाऊन आलोय.