शेक

निवर्ताबाई मला भेटली
धारूरच्या घाटात, एका कडुनिंबाखाली.
खोडावर चढलेली गुळवेल तिनं
नखानं खरवडून दाखवली.
वरची साल कागदासारखी सुटली,
आत हिरवं, ओलं.
"बाभळीवरची घेऊ नको बाई, निंबावरची घे.
ज्याच्यावर चढती, त्याचा गुण घेती ती."

मी वहीत लिहिलं: आधारवृक्ष, उंची, तारीख.
गोळा करणाराचं नाव:
माझं.

औरंगाबादला आणून सावलीत वाळवली.
कुटली, उकळली, गाळली.
काळा चिकट अर्क उरला वाटीभर.
तो पंधरा दिवस, वाकड्या बोथट सुईनं,
पांढऱ्या उंदरांच्या घशाखाली.
मग एकेक उंदीर भोकं पाडलेल्या डबीत,
डब्या कोबाल्टच्या खोलीत.
दार बंद.
आत काही दिसत नाही, वास नाही, आवाज नाही.
किरण पडले
हे फक्त घड्याळाला कळतं.

त्यानंतर तीस दिवस मोजायचे असतात.
मी रोज सकाळी पिंजऱ्यापाशी.
केस पिंजारलेले, पाठीला कुबड,
कुणी कोपऱ्यात,
कुणी भुशात तोंड खुपसून.
सुट्टीच्या दिवशीही मोजले. दिवाळीच्या पाडव्यालाही.

चौथ्या वर्षी, प्रबंध बांधायला दिला त्या आठवड्यात,
कॅन्सरच्या दवाखान्यात मी कुणाच्या तरी फायली न्यायला गेले
तर बाकावर निवर्ताबाई.
गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा.
"पुसायच्या न्हाईत म्हनलेत," ती म्हणाली, मी विचारायच्या आधीच.
मिसरीचं बोट ज्या हिरडीवर फिरायचं
तिथंच उठलं होतं.
तेहतीस शेक सांगितलेत. अकरा झाले.
शेक म्हणतात इथं सगळे,
चुलीपुढं बसून पाठ शेकावी तसं.

तिच्या चेहऱ्याचा ठसा घेऊन
जाळीचा मुखवटा केलाय,
तो टेबलाला चापांनी आवळतात.
"श्वास घेता येतो," ती म्हणाली, "भोकं हायेत."

मी खाली बघितलं.

जबड्याखालची कातडी करपलेली,
उन्हाची नाही, धगीची नाही,
कशाचीच दिसत नाही अशी.
"कोरफड लावू का?"
डॉक्टरांना विचार, म्हटलं.
"इचारलं. न्हाई म्हनले. गुळवेलबी बंद करायला लावली."
थुंकी गिळताना तिनं डोळे मिटले.
मग एकदम:
"तुजी उंदरं जगली का गं?"

गुळवेलवाली दहातली सहा, मी सांगितलं.
"आन बिगर गुळवेलीची?"
एक.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
"मंग मी कोन्त्या पिंजऱ्यात?
पोरपनापून खात आले. आता बंद हाय."

मला बरंच सांगता आलं असतं.
उंदीर पंचवीस ग्रॅमचा असतो.
त्याचा आख्खा देह किरणांत होता, तुझी फक्त हनुवटी.
दहा म्हणजे थोडे.
सहाला जगणं म्हणायचं की नाही
यावरही परीक्षक भांडले होते.
हे सगळं मी प्रकरण पाचमध्ये लिहिलंय.
तोंडानं एवढंच निघालं,
ठाऊक नाही, बाई.

"बरं हाय," ती म्हणाली, "खोटं न्हाई बोललीस."
आणि तिचा नंबर पुकारला.

संध्याकाळी विभागात जाऊन कपाट उघडलं.
जुन्या वर्तमानपत्रात दाबलेली वेल, बदामी पानं,
कडेला माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
नाव खोडलं. वर लिहिलं: निवर्ता सटवाजी मुळे,
आणि आडनावापाशी थांबले,
कारण ते मी कधी विचारलंच नव्हतं.
'मुळे' माझं मीच घातलं होतं.
तेही खोडलं. वडलांचं नावही.

खिडकीच्या खिळ्याला
त्या साली टांगलेला एक तुकडा आहे अजून.
माती नाही, पाणी नाही.
त्याला बारीक दोरा फुटलाय, खाली लोंबतोय,
जमीन अजून चार फूट.

उद्या तिचा बारावा.
विचारून येते.