दीडशे दिवसांचा हिशोब

भिंतीवर वाळपईच्या सोनाराने दिलेलं कॅलेंडर.
त्यावर मी लिहिलं: मडमीण, बावीस फेब्रुवारी.
टिकली, तीन मार्च.
शेवरीपुढे काहीच नाही. तिला दोनदा बोकड दाखवला,
दोनदा तिने त्याला कुडावर आपटला.
"वांझ आहे," सगुण म्हणाला, "शिगमा झाला की विकू."

दीडशे दिवस, एवढंच गणित.
पंधरा वर्षं अंगणवाडीत आकडे शिकवले मी,
दीडशे मला मोजता येतात.

बावीसला मडमीण बरोबर आडवी झाली.
पाय ताणले, डोळे फिरवले, दात खाल्ले.
मी पाणी तापवलं, कोपरापर्यंत खोबरेल चोळलं,
आयोडीन, जुनं लुगडं, टॉर्च, सगळं मांडलं ओळीत.
भागी झोरे डोंगर उतरून आली सुपारी चघळत.
मडमिणीच्या तोंडाशी नाक नेलं, हुंगलं,
आणि अशी हसली की सुपारी घशात अडकली.
"ह्या कळा नव्हेत गे बाय. ही पिऊन पडलीय."

काजूखाली तीन दिवसांचे बोंडू आंबले होते.
कुंपणाची एक काठी मोडलेली.
तापवलेल्या पाण्याचा मी चहा केला.
भागी तीन कप प्याली. मडमीण सकाळपर्यंत घोरली,
आणि व्याली सव्वीसला, भर दुपारी, मी नळावर असताना,
एकटी, सहज,
जणू खोकताना दोन करडं बाहेर पडली.

टिकलीचं मात्र अडलं.
एक खूर दिसत होतं, दुसरं नव्हतं.
फोनला रेंज फक्त वरच्या जांभ्या दगडावर,
म्हणून सगुण दगडावर, मी गोठ्यात,
आणि डॉक्टर कुठेतरी फोंड्याला, लग्नाच्या जेवणावर.
"डावा पाय मागे असेल, म्हणतात!"
"कुणाचा डावा? माझा की तिचा?"
"थांब, विचारतो!"
मग वारा. मग "गुडघा धर" की "गुडघ्यावर बस", काय ते कळलं नाही.
मी दोन्ही केलं.
पाट आली. ओली, पिवळी, शिंकत.
तिच्यामागून आलेला बोकड आला तसाच राहिला.
पोत्याने घासला, नाकात फुंकलं, मागचे पाय धरून
सगुणने त्याला गोल फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.
मग हळूच खाली ठेवला.
टिकली त्याला चाटतच होती.
तिला कोणी थांबवायचं, यावर आम्ही बोललो नाही.

आता शेवरीचं सांगते.
अंगणात सगुणचा टिपर आहे. खाण बंद पडली तेव्हापासून
चाकांत गवत. दार सुंभाने बांधलेलं.
तरी दर रविवारी तो बॅटरी चार्ज करतो.
विचारलं तर म्हणतो, गंजू नये म्हणून.

शिगम्याच्या आदल्या रात्री दोन वाजता हॉर्न वाजला.
छोटा नाही. घाटात समोरून लोड येताना द्यायचा तसा,
लांब, थांबून थांबून.
सगुण चड्डीवरच धावला. मला वाटलं, चोर.
त्याला काय वाटलं, त्याने सांगितलं नाही,
पण धावता धावता त्याने खुंटीवरची चावी घेतली होती.

सुंभ चावून तोडलेला.
ड्रायव्हरच्या सीटवर शेवरी,
कळ आली की कपाळ स्टिअरिंगवर दाबायची.
क्लचखाली एक करडू आधीच उभं राहायचा प्रयत्न करत होतं,
दुसरं निम्मं बाहेर.
तिसरं आलं तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आवरेना.
वांझ म्हणे! कुणाच्या बोकडाचं, कधीचं, देव जाणे.
भागीचा बोकड काळा आहे. तिन्ही काळी.

उजाडल्यावर सीट पुसताना कळलं,
कप्प्यातलं परमिट तिने खाल्लंय.
कोपरा उरला होता, अर्ध्या शिक्क्याचा.
सगुणने तो हातात घेतला, वाचला, उलटा करून पाहिला,
आणि तिच्या तोंडापुढे धरला.

तिने हुंगून मान फिरवली.
तिला गुळाचं पाणी हवं होतं.