भाग दुसरा, प्रसंग एकोणतीस

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
म्हणून आमचं रक्त मक्याच्या सिरपचं
आणि धुकं शाळेच्या नाटकवाल्यांकडून शनिवारपुरतं मागून आणलेलं.
मोटेल बंदच पडलेलं, लेक सुपिरियरच्या काठावर.
मालक म्हणाला, वापरा,
पाइप फुटले तर मला सांगू नका.

रेनो दिवसा हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या घासून देतो,
रात्री दिग्दर्शक.
मी शाळेची बस चालवतो. सिनेमात माझं काम एवढंच,
गळाच्या नायलॉन दोऱ्याने खुर्ची ओढायची.
बघणाऱ्याला वाटतं, आपोआप सरकली.
दोरा कॅमेऱ्याला दिसत नाही.
बोटाला कळतो.

पहिल्या भागात भूत होती व्हर्ना.
एरवी दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची.
पापणी न हलवता चार मिनिटं उभी राहायची,
म्हणायची, तीस वर्षं लोकांच्या सबबी ऐकून झालेली सवय.
दोन टेकच्या मधे
तोंडाला पिठाचा लेप, ओठ निळे,
आणि सगळ्यांना सँडविच वाटत फिरायची.
एकशे चाळीस डीव्हीडी खपल्या त्या सिनेमाच्या.
नॉर्वेहून एक पत्र आलं,
रेनोने ते गल्ल्याच्या वर चिकटवलं. अजून आहे.

मार्चमध्ये व्हर्ना गेली.
जमीन इतकी गोठलेली की कुदळ टिकेना,
मे उजाडेपर्यंत तिला ठेवून द्यावं लागलं,
इथे तशीच रीत आहे.
त्याच दोन महिन्यांत रेनोने भाग दुसरा लिहिला.
का, ते मी विचारलं नाही.

तिची मुलगी मार्लीस डुलुथहून गाडी चालवत आली.
झगा चार बोटं लांब झाला, पिना लावल्या.
अकरा नंबरच्या खोलीत जमिनीवर
व्हर्नासाठी चिकटवलेली टेपची फुली तशीच होती.
तिच्यावर ती उभी राहिली, अनवाणी,
आपलं हसू गिळून.

तेवढ्यात हरणांचा हंगाम सुरू झाला
आणि चौकीदाराचं काम करणारा रायफल घेऊन जंगलात गेला.
राहिला कोण, तर ऑर्विल. व्हर्नाचा नवरा,
दोन्ही सिनेमांत दिवा धरणारा.
रेनो त्याला म्हणाला, फार काही नाही,
दार उघडायचं, तिला बघायचं, किंचाळायचं, टॉर्च पाडायची.
ऑर्विल म्हणाला, बरं.

त्याने दार उघडलं.
टॉर्च पडली नाही.
बराच वेळ उजेड तिच्या पायांवर थांबला.
मग तो म्हणाला,
'मोजे कुठे गेले तुझे?'

मार्लीसने पापणी हलवली नाही.

त्याच्या किंकाळीवर मी खुर्ची ओढायची, असं ठरलेलं.
किंकाळी आलीच नाही. मी पलंगामागे उकिडवा,
दोरा बोटाला गुंडाळून.
ऑर्विल गेला, स्वतःच खुर्ची उचलली,
तिच्याजवळ नेऊन ठेवली, 'बस' म्हणाला,
आणि माझ्या हातातला दोरा ताठ झाला.
दोन सिनेमे मी ओढत आलो होतो.
पलीकडून कुणी ओढलं
ते पहिल्यांदाच.

रेनो 'कट' म्हणाला नाही.
बॅटरी संपली तेव्हा थांबलो.

असल्या प्रसंगाने कुणाच्या अंगावर काटा येणार?
रेनो तीन आठवडे संगणकापुढे डोकं धरून बसला.
शेवटी 'मोजे' कापलं, 'बस' कापलं,
आणि एका रात्री रिकाम्या बसमध्ये मला किंचाळायला लावलं.
ते ऑर्विलच्या पाठमोऱ्या डोक्यावर बसवलं.
बसलं नीट.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला,
एकतीस माणसं, कॉफी फुकट.
माझ्या किंकाळीला पुढच्या रांगेतल्या दोन पोरी
खुर्चीतून उडाल्या, मग एकमेकींना हसल्या.
ऑर्विल माझ्या शेजारी.
तो पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होता,
जिथे चौकट संपते
आणि पाय दिसत नाहीत.