डेड स्टॉक रजिस्टर

नोंद क्रमांक दोनशे सतरा.
वस्तू: पेटी, काचेची, बाळ ठेवण्याची. नग तीन.
कोणाकडून: डेन्मार्कातलं एक इस्पितळ,
जे बंद झालं.
तिकडे म्हणे आता बाळंच कमी होतात.
किंमत:
इथे माझं पेन थांबलं.

सत्तेचाळीस दिवस कंटेनर न्हावाशेवाला पडून होता.
दान फुकट, पण त्याचं भाडं रोजच्या रोज.
ते कोणी भरलं
हे विचारायचं नाही, असं मला सांगितलं गेलं.

मग गोवंडीच्या आमच्या प्रसूतिगृहात
नारळ फुटला, पाणी उडालं पेटीच्या काचेवर,
शाल पांघरलेले साहेब एक हात पेटीवर ठेवून
फोटोत हसले.
वायर मागे गुंडाळलेलीच होती.
प्लग आमच्या भिंतीत बसत नव्हता.

सिस्टर वायंगणकर म्हणाल्या,
भांडारपालबाई, धर्माची गाय, दात का मोजता?
मी म्हटलं, सिस्टर, गायीचं ठीक आहे.
हिच्यात दीड वीत माणूस ठेवायचंय.
मोजायलाच हवेत.

मोजले परकारने.
जमिनीवर वर्तमानपत्र पसरून,
स्क्रू चहाच्या बशीत, बशी स्टुलावर,
स्टुलाला कोणी हात लावायचा नाही.
एकीचा तापमापक गायब,
दुसरीची पाण्याची टाकी तडकलेली,
तिसरीला सगळं होतं, फक्त ती चालू होत नव्हती.
पाचव्या रात्री त्याने तिघींच्या दोघी केल्या.
पडद्यावर अक्षरं उमटली, कुणालाच न येणाऱ्या भाषेत,
तर त्याने बटणांशेजारी चिकटपट्ट्या लावल्या
बॉलपेननं लिहून:
हे दाबा.
हे दाबू नका.
हे चुकून दाबलं गेलं तर काही होत नाही, घाबरू नका.
हे वाजलं तर मला उठवा.

उरलेली एक माझ्या खोलीत आहे, पोट रिकामं.
टाकता येत नाही.
दानाच्या वस्तूचं निर्लेखन कसं करायचं
याचा नियम शोधतेय तिसऱ्या महिन्यापासून.

आणि किंमतीचा रकाना.
शून्य लिहिलं होतं मी, खरं तेच.
लेखापरीक्षक म्हणाले, शून्य रुपयाच्या वस्तूला
दुरुस्तीचा करार देता येत नाही, बाई.
जिची किंमत नाही ती बिघडणार कशी?
बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते,
कागदाकडे बघत होते.
तसे वाईट नव्हते ते. बिस्किट घेतलं त्यांनी.

रात्री मी विचार केला.
या शहरात लाखाला पेटी म्हणतात.
बिल्डर म्हणतात, दलाल म्हणतात,
माझा धाकटा दीरही म्हणतो, खिशात दमडी नसताना.
सकाळी शून्यावर रेघ मारली, वर सही केली,
आणि लिहिलं:
किंमत, प्रत्येकी एक पेटी.
अक्षरी रुपये एक लाख फक्त.

करार मंजूर झाला.
खुलासा मागवणारं पत्रही आलंय,
ते ड्रॉवरमध्ये आहे, डिंकाच्या बाटलीखाली.

शेवटचा रकाना: सध्या कोणाच्या ताब्यात.
इथे वॉर्डचं नाव लिहायचं असतं.
मी वर गेले बघायला.
शबनूर स्टुलावर बसून होती,
बशी उचलून बाजूला ठेवलेली,
काचेच्या भोकातून आत घातलेला तिचा हात
कोपरापर्यंत उबेत.
आत हाताएवढीच मुलगी. अकराशे ग्रॅम.
पेटी मधूनच परदेशी भाषेत काहीतरी म्हणत होती
आणि शबनूर मान हलवत होती, हो, हो.

खाली येऊन लिहिलं:
ताबा, शबनूरची मुलगी.

रजिस्टर परत आलंय.
त्या ओळीखाली लाल शाईत:
नाव पूर्ण लिहावे.

अजून ठेवलेलं नाही.