नव्या राक्षसाचा आवाज

जुन्या सिनेमात तो लाल ग्रहावरून यायचा.
तहानलेला. रबराचा. पाठीवरची चेन
चौथ्या रिळात स्पष्ट दिसायची.
तळी प्यायचा, नदी प्यायचा, शेवटी अख्खं गाव प्यायचा,
आणि डिचोलीच्या थेटरात, मागच्या बाकावर,
मी काकाच्या मांडीत तोंड खुपसून विचारायचो, गेला?
दारावरचा जुझे टॉर्च हलवत सगळ्यांना सांगायचा,
"भियेनाकात रे, आतां मीठ मारतले ताका."
इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.
जुझेलाही नसावं.

आवाज मात्र खरा होता त्याचा.
मी या धंद्यात आलो तो त्या आवाजापायी.
पुढे कुणीतरी सांगितलं, तांब्याच्या हंड्यावर
फुटकी फणी घासली होती
आणि टेप उलटी फिरवली होती.
मला राग आला. मग रात्री घरी
मीही घासून पाहिली.

आता तोच सिनेमा नव्यानं करायचाय.
अन्विता एकोणतीस वर्षांची, दिग्दर्शक, नखं खाते.
म्हणते, रबर नको, हल्ली शेंबड्या पोरालाही चेन दिसते.
राक्षस दाखवायचाच नाही, उल्हासदा.
नुसता ऐकू आला पाहिजे.

म्हणून पिसुर्ल्याच्या पलीकडे, बंद खाणीवर.
कलादिग्दर्शकानं पुण्याहून
लाल रंगाची अकरा पोती आणली होती.
एकही फोडावं लागलं नाही.
दुपारपर्यंत वाऱ्यानंच त्याची दाढी, डबा आणि लेन्स
परग्रहावर नेऊन ठेवली.
खड्ड्यात पाणी हिरवं, न हलणारं.
खोली किती, विचारलं तर रखवालदार म्हणाला,
मोजणारे गेले की परत.

चार दिवस मी आवाज वेचले.
गंजलेल्या पट्ट्याचे रूळ. पत्र्यावरून धावणारी घूस.
खडी ओतणारा डंपर हळू केला
तर जांभई देतो, तीही घेतली.
अन्विता हेडफोन काढायची, मान हलवायची.
"मोठा आहे. पण भीती नाही वाटत."

पाचव्या दिवशी पाणी मागायला वर वाड्यावर गेलो.
सुकांतीबायनं निळ्या पिंपातून तांब्या भरून दिला.
टँकर सोमवारी येतो, गुरुवारी येतो, म्हणाली,
नाहीतर येत नाही.
मागे विहीर होती. चिऱ्यांचा काठ,
दोरानं कापलेल्या खाचा, बोटभर खोल,
एका खाचेत अबोलीचं रोप.
मी माईक काढला तशी ती हसली.
आयकपाचें? राव.
आणि घरात आलेल्या पाहुण्याला
गेलेल्या माणसाचा फोटो दाखवावा
तशी तिनं कळशी सोडली.

राट करकरला.
दोर सुटला.
धंद्याची सवय, मी मनात मोजत होतो.
चौदाव्या हाताला लागायचं पूर्वी, ती म्हणाली.
चौदा गेले.
दोर सुटत राहिला.
वीस. बावीस.
दोर
सुटत
मग संपला.
कळशी खाली कुठेतरी अधांतरी,
आणि काठावर आम्ही दोघं कान देऊन,
जणू कुणी आतून ओ देणार आहे.

वर ओढताना तिनं विचारलं,
मारतात कसं त्याला, तुमच्या सिनेमात?
मिठानं, मी म्हणालो.
"मीठ आहे घरात," ती म्हणाली. "सांग, कुठे टाकू."

रात्री अन्वितानं ऐकलं. एकदाच.
मान हलवली नाही.
उठली, न्हाणीघरात गेली,
नळ सोडून बघितला,
बंद केला,
पुन्हा सोडला.

सकाळी मुंबईहून निर्मात्याचा फोन:
बत्तीस सेकंदांनंतर काहीच ऐकू येत नाहीये,
फाईल खराब झाली का?
तपासतो, म्हणालो.
पुन्हा पाठवली.
तीच.